विंधन विहिरीतील स्थिर पातळी नेमकी कोणत्या जलधराची?

प्रश्न:
भूजल अभ्यासासाठी घेतलेल्या २०० मीटर खोल विंधन विहिरीत वाळूचे दोन थर लागले असून त्यांच्यामध्ये चिकणमातीचा जाड थर आहे. दोन्ही वाळूथरांसमोर जाळीचा पाइप बसवलेला आहे. पंप बंद असताना मोजलेली पातळी वरच्या जलधराची (पाणी साठवणाऱ्या व वाहू देणाऱ्या थराची) समजावी की खालच्या? तसेच याच विहिरीवर उपसा चाचणी घेऊन खालच्या थराची साठवणक्षमता (पातळी बदलली की थर किती पाणी सोडतो किंवा साठवतो ते) काढता येईल का?

उत्तर १:
ती दोहोंपैकी एकाचीही नाही. दोन थरांतील दाब वेगळे असतील, तर पंप बंद असतानाही जास्त दाबाच्या थरातील पाणी विहिरीवाटे कमी दाबाच्या थरात मुरत राहते आणि दिसणारी पातळी दोहोंच्या अधेमधे, अधिक वहनक्षमतेच्या, म्हणजे पाणी अधिक सहज वाहू देणाऱ्या, थराकडे झुकलेली असते. तापमानाचा लॉग (खोलीनुसार घेतलेली नोंद) घेऊन पाहावा. खोलीबरोबर वाढत जाणारे तापमान मधल्या पट्ट्यात जवळपास स्थिर राहिले, तर तेथून पाणी वाहते आहे असे समजावे.

उत्तर २:
थरांच्या सीमा केवळ ड्रिलिंग करताना वर येणाऱ्या चुऱ्यावरून ठरवल्या असतील तर त्या तपासून घ्याव्यात. चुरा तळापासून वर येईपर्यंत बिट (छिद्र पाडणारे टोक) आणखी खाली गेलेले असते, शिवाय चिकणमाती ड्रिलिंगच्या गाळात विरघळून जाते. गॅमा लॉग (थरांतील नैसर्गिक गॅमा किरणांची नोंद) केसिंगमधूनही, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पाइपातूनही, घेता येतो. विद्युतरोधाचा लॉग मात्र केसिंग टाकण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

उत्तर ३:
चाचणीबाबत: भूजलशास्त्रज्ञ थाइस यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने साठवणक्षमता काढायची, तर ठरावीक अंतरावर निरीक्षण विहीर हवी. उपसा चालू असलेल्या विहिरीत जाळीपाशी होणारी दाबहानी पातळीच्या घटीत मिसळते, त्यामुळे तेथून वहनक्षमतेचा अंदाज मिळतो, साठवणक्षमतेचा भरवशाचा आकडा मिळत नाही. आणि आपल्या विहिरीत ती वहनक्षमताही दोन्ही थरांची एकत्रित असेल. प्रत्येक थरासाठी स्वतंत्र पायझोमीटर (एकाच थराची पातळी मोजणारी अरुंद विहीर) घेऊन जाळीच्या वर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा) सील द्यावा. खालचा थर उपसताना वरच्या पायझोमीटरमधील पातळी आरंभी किंचित वर चढली तर यंत्र बिघडले असे समजू नये. थरांच्या आकुंचनामुळे असे घडते आणि त्याला नूर्डबर्गम परिणाम म्हणतात.

प्रश्नकर्ता:
नवे पायझोमीटर होईपर्यंत पॅकर (पाइपात बसवायचे फुगणारे बूच) फुगवून दोन्ही थर वेगळे करता येतील का?

उत्तर १:
केसिंगबाहेरील खडीचा भराव दोन्ही थरांमध्ये सलग असेल तर नाही. पॅकर पाइपाच्या आतला मार्ग बंद करतो. पाणी बाहेरच्या खडीतून वाट काढते.