दावा काढून घेतला, मग प्रतिवादीच्या खर्चाचं काय?

चाळकरी: गिरगावात मामांची जागा आहे. एका गृहस्थांनी ‘तोंडी सौदा ठरला होता’ म्हणत सिटी सिव्हिल कोर्टात करारपूर्तीचा दावा ठोकला, वर लिस पेन्डन्सची, म्हणजे जागेवर दावा चालू असल्याची, नोटीस रजिस्टर केली. गिऱ्हाईक फिरकेना. मामांनी वकील लावला, कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली, मनाईच्या अर्जाला उत्तर दिलं, दर तारखेला गुडघे धरत फोर्ट गाठलं. कोर्टाने वादाचे मुद्दे काढायच्या आधीच वादीची चार ओळींची पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, आली: दावा काढून घेत आहे. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत, ‘खर्चाबाबत हुकूम नाही’. माझं म्हणणं, असा दावा सोडणाऱ्याकडून समोरच्याचा सगळा खर्च वसूल झालाच पाहिजे. कोर्टाच्या मर्जीवर नको.

काळा कोट: मर्जी ठेवलीय ती विचार करूनच. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 23, नियम 1 बघा. नव्या दाव्याची परवानगी न घेता दावा सोडला, तर कोर्ट ठरवेल तो खर्च वादीवर बसू शकतो आणि त्याच विषयावर नवा दावा लावता येत नाही. मामा कायमचे सुटले, हे काय कमी आहे? सक्ती केलीत तर पडता दावाही कुणी सोडणार नाही. तारखा घेत बसतील आणि मामा दहा वर्षांनी जिंकतील.

चाळकरी: सुटले म्हणे! हातचं गिऱ्हाईक गेलं, वकिलाची फी गेली.

लालबागची लेक: सक्ती कुणावर बसेल तेही बघा. आमच्या शेजारच्या काकूंना दिरांनी खोलीबाहेर काढलं. त्यांनी ताब्यासाठी दावा लावला, पैसे संपले, सोडला. आता दिरांच्या बड्या वकिलाची फी काकूंनी भरायची? दागिने तर आधीच गेलेत.

निवृत्त शिरस्तेदार: काकू आणि तो सौदेवाला एका मापाने मोजायचेच कशाला? त्याच संहितेचं कलम 35-अ खोट्या आणि त्रासदायक दाव्यांसाठीच आहे, आणि दावा सोडला किंवा काढून घेतला तरी लागू होतं. फक्त वादी किती भरणार? जास्तीत जास्त 3000 रुपये! 1976 च्या दुरुस्तीने हजाराचे तीन हजार झाले, गाडी तिथेच अडली. व्यापारी वादांत मात्र 2015 च्या कायद्याने ही मर्यादाच काढून टाकली. सुप्रीम कोर्टाने सेलम बार असोसिएशनच्या 2005 च्या निकालात प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च मिळावा, त्यात वेळ आणि प्रवासही धरावा, असं सांगितलंय. हे गिरगावच्या म्हाताऱ्यापर्यंत पोचत नाही, माझी तक्रार ती आहे.

काळा कोट: मर्यादा वाढवा, मीही सही करतो. पण खर्च मागावा लागतो हो. पुरशिशीवर आपला से, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायचा, फीच्या पावत्या जोडायच्या. मामांच्या वकिलांनी काय लिहिलं होतं?

चाळकरी: ‘हरकत नाही’. मामांना न विचारता.

काळा कोट: मग कोर्टाने काय करायचं?

निवृत्त शिरस्तेदार: कोर्टालाही सोडू नका. खर्च निकालामागे जाणार नसेल, म्हणजे हरणाऱ्यावर बसणार नसेल, तर कारण लेखी द्यावं, असं कलम 35(2) सांगतं. दिलंय का?

चाळकरी: रोजनाम्यात तरी एक शब्द नाही. उद्या हुकमाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाकतो. वकील मात्र दुसरा.