लॉकडाऊनमध्ये घरोघरी पाळणे हलणार होते ना, मग झालं काय?

मुग्धा_ठाणे: 2020 च्या एप्रिलात आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज तोच जोक, सगळे घरात कोंडलेत, डिसेंबर-जानेवारीत बघा कशी रांग लागते. माझी लेक जानेवारी 2021 ची, तिच्या शाळेत वरच्या वर्गाच्या तीन तुकड्या आणि हिच्या दोनच. योगायोग की साथीत मुलं खरंच कमी होतात?

परदेशी_पाहुणा: तुकड्यांवर जाऊ नका, फी परवडेना म्हणून कितीतरी जण शाळाच बदलतात. पण इकडे अमेरिकेत नेमके डिसेंबर-जानेवारीतच जन्म घसरले, मग सावरले. 2020 ला 36.1 लाख, 2021 ला 36.6 लाख. आम्ही स्वतः थांबलेलो, नोकरी गेली तर व्हिसाचं काय आणि विमानं बंद, बाळंतपणाला आई येणार कशी?

साधा_वरण_भात: लग्नं अडली तो हिशोब कुणी धरतच नाही. जपानमध्ये 2019 ला जवळपास 6 लाख लग्नं, 2020 ला सव्वापाच लाख, आणि तिथे लग्नाशिवाय मूल फार क्वचित, म्हणजे पुढचं गणित आलंच. आमच्या दादाचं लग्न दोनदा पुढे ढकललं, शेवटी एप्रिल 2021 मध्ये 25 माणसं आणि दोन तास या नियमात उरकलं, भटजी मंगलाष्टकं म्हणताना घड्याळ बघत होते 😀

जुनी_वही: कोरोनात लोक थांबले, 1918 च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, थांबायला माणसंच उरली नाहीत. ती साथ म्हातारे सोडून 20 ते 40 च्या लोकांवर उठली, त्यातही आपल्याकडे बायका जास्त गेल्या, गरोदर बायकांचे तर फारच हाल. पुढच्या वर्षी जन्म घटले यात नवल काय, आई होणारीच गेली. 1911 ते 1921 मध्ये देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली, जनगणनेत असं तेवढं एकदाच. आमच्या वंशावळीत पणजोबांच्या नावापुढे दोन बायका आहेत, पहिली त्याच दिवाळीच्या आसपास गेली, पदरात दोन पोरं, मग वर्षाच्या आत बिजवर म्हणून पुन्हा बोहल्यावर. आजी त्या दुसरीची.

मुग्धा_ठाणे: बापरे. आमची पणजी पण दुसरेपणावर दिलेली होती असं आई म्हणते, कधी ते कुणी विचारलंच नाही. आज फोन करते.