मदत हवी आहे: मारिया थेरेसाला मराठीत काय म्हणायचं?

वाचनालयासाठी अठराव्या शतकातली ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्यावर लेख लिहितेय आणि पदवीपाशीच अडकलेय. १७४० ला वडील गेल्यावर हॅब्सबर्ग घराण्याचं राज्य तिच्याकडे आलं, १७४१ मध्ये हंगेरीत राज्याभिषेक झाला, मग बोहेमियात (आजच्या चेक देशाचा भाग), पण पवित्र रोमन सम्राट (मुख्यतः जर्मन राज्यांच्या साम्राज्याचा प्रमुख) १७४५ मध्ये झाला तो तिचा नवरा फ्रान्सिस, म्हणजे सम्राज्ञी ती फक्त नवऱ्यामुळे, खरा कारभार मात्र ४० वर्षं हिनेच केला, १७७४ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदासुद्धा तिचाच! मराठीत कुठे महाराणी वाचलं, कुठे सम्राज्ञी, दोन शब्दकोशही पाहिले, पण सम्राटाची बायको आणि स्वतः राज्य करणारी, दोघींना सम्राज्ञीच. तळटीप चालणार नाही आणि वाचक शाळकरी आहेत, त्यामुळे सोपा शब्द हवा. नुसतं 'राणी' तिच्यासाठी फार कमी वाटतं. 'राज्यकर्ती राणी' चालेल का, की याहून नेमका शब्द आहे?