पोकर: बटनावर राजांची जोडी, पुढे चार लिंपर: रेझ किती करायचा?

कृष्णाकाठ:
पणजीला बोटीवर १००-२०० चं नो-लिमिट (कितीही लावता येणारं) टेबल, म्हणजे दोघांना पत्ते बघण्याआधीच १०० आणि २०० भरावे लागतात (ब्लाइंड्स). माझ्यासमोर ४०,०००. बटनावर, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या जागेवर, राजांची जोडी आली, माझ्याआधी चौघे नुसते २०० टाकून आत (हेच लिंपर). मी रेझ करून, म्हणजे रक्कम वाढवून, ८०० केले. ब्लाइंड्सनी पत्ते टाकले, चौघेही आले. पॉट (मधली रक्कम) ४,३००. फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते): बदाम गुलाम, बदाम नव्वी, किल्वर चव्वी. सगळे चेक (काही न लावता पुढे), मी ३,००० लावले, दोघे आले. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक अठ्ठी. पहिल्या काकांनी थेट १२,००० पुढे सरकवले, मधल्याने पत्ते टाकले. काका संध्याकाळभर नुसते कॉल करत, म्हणजे समोरच्याएवढीच रक्कम भरत होते. मी राजे सोडले. मित्र म्हणतो, राजे कधी सोडायचे नसतात. तुमचं मत? आणि ८०० बरोबर होते का?

रात्रपाळी:
मी तर अशा वेळी रेझच करत नाही. गुपचूप आत जायचं, फ्लॉपवर एक्का नसेल तर मग ठोकायचं.

चिपरॅक:
रात्रपाळी, हे करू नका हो. मी बरीच वर्षं डीलरच्या खुर्चीत बसलोय. या टेबलांवर निम्मे लोक तीन पत्तीच्या सवयीने येतात, त्यांना पत्ते बघायचेच असतात. २०० ला येणारा माणूस २,००० लाही येतो. मग पैसे आधीच का घेऊ नयेत?

माझा हिशोब: चार बिग ब्लाइंड (मोठा ब्लाइंड, इथे २००) आणि प्रत्येक लिंपरमागे एक, म्हणजे इथे १,६००. टेबल सैल असेल तर बेधडक २,०००. राजांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सरासरी साधारण ८२ टक्के जिंकते, चौघांविरुद्ध जेमतेम ५०. पाच जणांच्या पॉटमध्ये ५० टक्के हाही फायदाच आहे. पण फ्लॉपनंतर कोणाकडे काय आहे याचा पत्ता लागत नाही, खरी अडचण ती. २,००० ला दोघेच आले तर पॉट ६,७०० चा होतो आणि पुढचं वाचणं कितीतरी सोपं.

एक काळजी घ्या. रक्कम तोंडाने सांगा, मग चिपा टाका. न बोलता ५,००० ची एकच चिप टाकलीत तर तो कॉल धरला जातो. मोठी जोडी हातात असताना घाईत हे झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय, आणि डीलरला नियमाप्रमाणेच वागावं लागतं.

आता टर्न. २५,३०० साठी १२,००० भरायचे म्हणजे निदान ३२ टक्के वेळा जिंकायला हवं. काकांकडे गुलाम-नव्वी, म्हणजे दोन जोड्या असतील तर तुम्हाला आठ पत्ते उरतात, साधारण १८ टक्के. राणी-दश्शी किंवा दश्शी-सत्ती असेल तर त्यांचे सलग पाच पत्ते झालेत, एकही पत्ता वाचवत नाही. संध्याकाळभर कॉल करणारा माणूस दोघांच्या तोंडावर अचानक १२,००० लावतो, तो बदामाच्या (पाच बदाम जमवायच्या) आशेवर क्वचितच. तुम्ही बरोबर सोडलेत. मित्राला सांगा, फ्लॉपनंतर राजे म्हणजे फक्त एक जोडी.

कृष्णाकाठ:
आणि काकांच्या जागी सतत रेझ करणारा तरुण असता तर?

चिपरॅक:
तर मी कॉल केला असता. तो फ्लश ड्रॉ (बदामाची आशा), गुलाम-दश्शी, सगळंच असं खेळतो. मात्र रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) बदाम आला आणि त्याने पुन्हा मोठी रक्कम लावली, तर तिथे सोडायचे.

रात्रपाळी:
२,००० करून बघतो. सगळ्यांनीच पत्ते टाकले तर?

चिपरॅक:
तर न खेळता १,१०० तुमचे. पुढच्या वेळी त्याच टेबलावर १,६०० करा.