ओएलईडीमध्ये होल (धन प्रभार) वाहून नेण्यासाठी कोणता पॉलिमर घ्यावा?

हिरवीवात: नमस्कार. मी ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांचा दिवा, बनवतो. आयटीओ (पारदर्शक, वीजवाहक ऑक्साइड) लावलेल्या काचेवर पेडॉट-पीएसएस हा वाहक पॉलिमर आणि त्यावर होल वाहणारे पॉली-टीपीडी, असे दोन थर स्पिन कोटिंगने (काच वेगाने फिरवून द्रावण पसरवत) देतो. हिरवा प्रकाश देणाऱ्या इरिडियम संयुगाचे क्लोरोबेंझीनमधील द्रावण वर पडताच पॉली-टीपीडी विरघळते आणि काचेच्या मध्यभागी पांढुरके वर्तुळ उमटते. एकाच पॉलिमरची लहान बाटली घेण्यापुरते पैसे आहेत. व्हॅक्यूम यंत्र फक्त कॅथोडसाठी मिळते. काय घ्यावे?

पातळथर: टीएफबी हा होल वाहणारा पॉलिमर घ्या. मी ते ग्लोव्ह बॉक्समध्ये (निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत) १८० अंशांवर अर्धा तास तापवतो आणि नंतर कोरा द्रावक फिरवून सैल भाग धुऊन काढतो. पेडॉटला धरून राहिलेला सुमारे १० नॅनोमीटरचा थर मग हलत नाही.

रात्रपाळी: व्हॅक्यूममध्ये एनपीबी या होल वाहणाऱ्या लहान रेणूचा थर द्या. आमच्याकडे सगळे थर असेच बसतात आणि विरघळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आम्लपित्त: मूळ दुखणे पेडॉटचे आहे. त्याचा सामू १ ते २ असतो, त्यामुळे आयटीओ झिजते आणि इंडियम वरच्या थरांत शिरते. माझ्या कित्येक काचा अशा वाया गेल्या आहेत.

कडेचाउजेड: पेडॉटचा प्रकारही तपासा. मी चुकून जास्त वाहक प्रकार आणला, तेव्हा उजळणाऱ्या चौकोनाच्या कडेबाहेरही उजेड पसरला आणि कार्यक्षमतेचे सगळे आकडे फसले.

नवाप्रयोगी: टीएफबीच उत्तम. त्याची होल-चलनक्षमता (होल किती सहज सरकतात ते) ०.०१ सेमी²/व्होल्ट-सेकंदाच्या आसपास आहे.

त्रिक: चलनक्षमता पाहताना ट्रिप्लेट ऊर्जा, म्हणजे रेणूच्या एका उत्तेजित अवस्थेची पातळी, विसरू नका. हिरव्या इरिडियम संयुगाची ती सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर पॉलिफ्लुओरीन या पॉलिमरची त्याहून कमी, म्हणून उत्तेजित ऊर्जा तिकडे उतरून प्रकाश मंदावतो. टीएफबीच्या साखळीतही फ्लुओरीन आहे, हे लक्षात घ्या. पीव्हीके या दुसऱ्या होलवाहक पॉलिमरची पातळी वर आहे.

पातळथर: पण पीव्हीकेमध्ये होल फारच सावकाश सरकतात आणि दिवा उजळू लागण्याचे व्होल्टेज वाढते. माझ्या टीएफबीच्या काचा अजून व्यवस्थित उजळतात.

हिरवीवात: सर्वांचे आभार. मी पीव्हीके मागवले आहे, परंतु वेगळ्या थरासाठी नाही. त्यातच इलेक्ट्रॉन वाहून नेणारे पीबीडी आणि हिरवे संयुग मिसळून पेडॉटवर एकच थर देईन, म्हणजे विरघळायला मध्ये काही उरणार नाही. व्होल्टेज चढेल, हे मान्य आहे. पेडॉटही बदलत नाही. तो कमी वाहक प्रकारच आहे, हे बाटलीवर पाहून घेतले.