आमचे नाना, कोयनेचे इंजिनिअर: तुमच्या आठवणी इथे लिहा

नाना जाऊन महिना होऊन गेला. तेराव्याला सगळे जमलो तेव्हा रडण्यापेक्षा किस्सेच जास्त झाले, काकू पण हसल्या, मग वाटलं हे एका जागी लिहून ठेवूया. नाना कोणाचे काका, कोणाचे मामा, कोणाचे साहेब. गोड गोडच लिहा असं नाही, चिडायचे तेही येऊ द्या.

भाचा, सांगली
2019 च्या ऑगस्टमधे टीव्हीवाले नुसतं कोयनेतून एवढे क्युसेक सोडले म्हणून ओरडत होते आणि आई घाबरून सारखी मामाला फोन लावत होती. मामा आधी विचारणार, आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालंय? मग सुरू, अगं कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, तिथून तुमच्याकडे पोचायला वेळ लागतो, तू धरणाच्या खाली पाऊस किती पडतोय ते बघ आणि वारणेचं बघ, हरिपूरच्या संगमावर वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही. धोक्याची पातळी 45 फूट, पण मामाने 40 लाच सामान वरच्या मजल्यावर न्यायला लावलं. फ्रीज तेवढा राहिला, त्यावरून नंतर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पुतणी, पुणे
11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा काका नोकरीत नवीन, कोयनानगरच्या कॉलनीत राहायला. अंधारात सगळे बाहेर पळाले आणि पहिला प्रश्न, धरण आहे ना? धरण उभं होतं. तडे गेले होते ते वरच्या भागात, जिथे मागच्या, म्हणजे पाणी नसलेल्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. हे काका पेपरच्या कडेला पेनाने काढून दाखवायचे, मग नंतर मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते कसं मजबूत केलं ते. शब्दकोडं राहायचं बाजूला. पण घरं पडली, माणसं गेली त्याबद्दल विचारलं की दोन वाक्यं बोलून परत तड्यांवर यायचे. मी मोठी झाल्यावर विचारायचं सोडून दिलं.

त्यांच्या हाताखाली होतो
साहेब स्वतः टेप लावल्याशिवाय एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीवर, सही करायचे नाहीत, मग बिल थांबो नाहीतर वरून फोन येवो. कंत्राटदाराचा चहा घ्यायचे पण पैसे द्यायचे, त्यामुळे चहा देणाराच अवघडून जायचा.

पुतसून
मी चिडण्याबद्दल लिहिते 😄 आमच्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा नाना येऊन राहिले, काँक्रीट ओलं राहावं म्हणून वर आळी करून पाणी भरायला लावलं आणि सकाळ संध्याकाळ बघायला वर. एकदा मिस्त्रीने सांगितलं भिजवलंय, नानांनी हात लावून बघितला, कोरडा. त्यानंतर जे बोलले ते मुलांसमोर नको होतं. बाकी घर अजून गळत नाही, हे मान्य.

भाची, चिपळूण
13 मार्च 1999, लेक टॅपिंग! मामा आदल्याच वर्षी रिटायर झालेले आणि नेमकं तेव्हाच कोयना वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं हे काम, त्यामुळे आठवडाभर घरात धुसफूस. मी विचारलं एवढं काय त्यात, तर म्हणाले शहाळं वरून न सोलता खालून भोक पाडून पाणी घ्यायचं, तसं. बोगदा खालून जलाशयाच्या तळाजवळ न्यायचा, शेवटचा खडक तेवढा ठेवायचा आणि तो सुरुंगाने उडवायचा, धरण रिकामं न करता. पूर्वेला जाणारं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणून त्यावर वीज आणि मग ते वाशिष्ठीत. आमच्या दारातली नदी उन्हाळ्यात पण का वाहते ते मला तेव्हा कळलं, शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

पुतण्या, ठाणे
नानांची ती पावसाच्या नोंदींची डायरी कोणाकडे आहे? काकूंना माहीत नाही म्हणतात. चिपळूणच्या माळ्यावर असली तर प्लीज रद्दीत घालू नका, मी गणपतीत येतोय तेव्हा स्कॅन करतो.