मंजूर ले-आऊटमध्ये दुरुस्ती: अर्जाआधी काय तपासावं?

बांधावरून:
नगरपरिषद हद्दीत 1.2 हेक्टरचा रहिवासी ले-आऊट आहे. अंतिम मंजुरी आणि महारेरा (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी झाली आहे. 34 पैकी 11 प्लॉट विकले गेले. आता दोन बदल हवेत: ओढ्याकडची खुली जागा मधोमध आणायची आणि टोकाचे दोन प्लॉट एक करायचे. आर्किटेक्ट म्हणतात, सुधारित नकाशा टाकून देऊ. कुठे अडेल? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.

गटनंबर:
दोन्ही बदल एकाच फाइलीत घालू नका. एकत्रीकरण त्या मानाने सोपं: दोन्ही प्लॉट एकाच नावावर हवेत आणि रस्ता किंवा खुल्या जागेला धक्का लागता कामा नये. खुली जागा हलवणं हे खरं अवघड काम, आणि ते अडलं की सोपं कामही सोबत अडतं.

खुली जागा 10 टक्के, म्हणजे तुमच्याकडे किमान 1200 चौ.मी. मूळ मंजुरीत यापेक्षा जास्त दाखवली असेल तर तेवढीच ठेवा. सध्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत (UDCPR, डिसेंबर 2020) जागा फिरवता येते, पण प्लॉटधारकांच्या संमतीने आणि क्षेत्र कमी न करता. आधी सातबारा बघा. खुली जागा नगरपरिषदेच्या नावे लागली असेल किंवा ताबा पावती झाली असेल, तर अर्ज करण्यात अर्थ नाही.

शिक्का_सही:
संमतीचा हिशेब नीट करा, इथेच बहुतेक चुकतात. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दोन तृतीयांश खरेदीदारांची आगाऊ लेखी संमती लागते. मोजायची माणसं, प्लॉट नाहीत. अकरांपैकी तीन प्लॉट एकाच कुटुंबाने घेतले असतील तर खरेदीदार नऊ धरायचे आणि सहा संमती लागतील. अकरा वेगवेगळे असतील तर आठ. प्रवर्तकाकडचे (म्हणजे ले-आऊट पाडून विकणाऱ्याकडचे) न विकलेले प्लॉट यात येत नाहीत. एकत्रीकरणानेही मंजूर नकाशा बदलतो, त्यामुळे त्यासाठीही हीच संमती घेऊन ठेवावी असं माझं मत.

संमतीपत्राला नवा नकाशा जोडून त्यावरच सही घ्या. करारनाम्यातल्या ‘भविष्यातील सर्व बदलांस मान्यता’ या सरसकट कलमावर विसंबू नका. आणि ज्यांच्या खरेदीखतातल्या चतुःसीमेत ‘पूर्वेस खुली जागा’ लिहिलंय, त्यांच्याशी सगळ्यात आधी बोला. त्यांनी बहुधा त्याच कारणाने तो प्लॉट घेतलाय, आणि त्यांची हरकत रास्त असते. ते तयार झाले तर त्यांना दुरुस्ती दस्तही करून द्यावा लागेल.

गटनंबर:
चतुःसीमेचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. बरोबर आहे.

आडवी_साखळी:
कागद: नगररचना कायद्याच्या (MRTP) कलम 44 खालचा अर्ज, ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची ‘क’ प्रत, मूळ मंजुरीपत्र आणि शिक्क्याचा नकाशा, संमतीपत्रं. नकाशा 1:500 वर. जुन्या हद्दी तुटक रेषेत आणि नव्या ठळक, एकाच कागदावर दाखवा. शेजारी मंजूर आणि प्रस्तावित क्षेत्रांचा तक्ता: प्लॉट, रस्ते, खुली जागा, एकूण. एकूण बेरीज दोन्हीकडे जुळलीच पाहिजे. मोजणी आणि सातबारा यांत फरक निघाला तर कमी असलेलं क्षेत्र धरा, नाहीतर पहिलीच त्रुटी तिथे निघते.

बांधावरून:
60 दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजुरी मानता येते ना?

शिक्का_सही:
त्याच नगररचना कायद्याच्या कलम 45 मध्ये तरतूद आहे, पण त्रुटीपत्र आलं की मुदत तुमच्या उत्तराच्या तारखेपासून धरली जाते. शिवाय नकाशा नियमात बसत नसेल तर मानीव मंजुरी टिकत नाही. तिच्या भरवशावर प्लॉट विकू नका. लेखी नकार आला तर कलम 47 खाली 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

आडवी_साखळी:
मंजुरीवर थांबू नका. भूमी अभिलेखकडे नवी मोजणी आणि सुधारित कमी-जास्त पत्रक (प्लॉटनिहाय बदललेल्या क्षेत्रांची सरकारी नोंद) करून घ्या, मग सातबारा बदलतो. महारेराच्या पानावर सुधारित नकाशा चढवा. कमी-जास्त पत्रक होईपर्यंत बदललेल्या प्लॉटांची खरेदीखतं थांबवा, कारण तोवर दस्तातलं क्षेत्र एक आणि सातबाऱ्यावरचं दुसरं राहतं, आणि फेरफार नोंद तिथेच अडकते.